बंगल्याच्या तळमजल्यावर कॅफे चालेल का? आधी झोन, रस्ता आणि मंजूर नकाशा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महापालिका हद्दीत, जुन्या मंजूर लेआउटमध्ये २०० चौरस मीटरच्या प्लॉटवर तुमचा तळमजला अधिक एक मजल्याचा बंगला आहे. समोरचा रस्ता ९ मीटरचा. वहिनी काही वर्षांपासून घरूनच केक करून विकतात. यंदा खालच्या हॉलमध्ये टेबले टाकून कॅफे सुरू केला. त्यासाठी शॉप ॲक्टची नोंद केली, फूड लायसन्स काढले. तरीही शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि ‘वापरात अनधिकृत बदल’ केल्याची नोटीस आली. शिवाय मागच्या बाजूला एक खोली वाढवायची आहे, आणि शहराबाहेर नदीजवळ ११ गुंठ्यांचा ‘फार्महाउस प्लॉट’ स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का, असेही विचारले आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणे सांगतो. केक करून विकणे चालू ठेवा. त्या हॉलमध्ये गिऱ्हाईक बसवणे मात्र थांबवा, निदान परवानगीचा निकाल लागेपर्यंत. खोलीबद्दल प्लॅन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, ती बसण्याची शक्यता कमी आहे. आणि त्या ११ गुंठ्यांसाठी इसार देऊ नका. दिला असेल तर पुढचा हप्ता थांबवा.

नोटिशीला दिलेली मुदत आजच बघून ठेवा. तिच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो, कारण उत्तर कसे द्यायचे ते मधले सगळे समजल्यावरच नीट लिहिता येईल.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘आमच्याकडे सगळे लायसन्स आहेत’. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक लहान व्यावसायिकांचे पहिले वाक्य हेच असते, म्हणून इथे जरा थांबतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर तुम्ही फक्त ऑनलाइन सूचना देता आणि पोच मिळते. तुमची जागा रहिवासी आहे की वाणिज्य, हे तिथे कोणी तपासत नाही. फूड लायसन्स अन्न सुरक्षेचे असते. उद्यम नोंदणी आणि जीएसटी क्रमांक धंद्याचे असतात. यातला एकही कागद ‘या जमिनीवर, या इमारतीत हा वापर चालेल’ असे म्हणत नाही. ते म्हणण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेच्या नगररचना आणि बांधकाम परवानगी विभागाला आहे, आणि तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधून येतो. या कायद्यात ‘विकास’ या शब्दात फक्त विटा-सिमेंट येत नाही. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. एक वीटही न हलवता तुम्ही नोटिशीला पात्र ठरलात, त्याचे कारण हे.

विजेच्या बिलाचेही तसेच. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दर लावण्याची सोय ठेवली आहे. लोक हे बिल पुढे करून म्हणतात, बघा, सरकारनेच मान्य केले आहे. ती सवलत विजेच्या दराची आहे, त्याच्या पलीकडे तिला अर्थ नाही. मालमत्ता कराची पावती तर आणखी फसवी. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, बिगरनिवासी दराने लावते, वर शास्तीही, म्हणजे दंडही, लावते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये दुप्पट शास्तीची तरतूद आहे आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे की कर व शास्ती वसूल केली म्हणून ते बांधकाम नियमित झाले असे समजले जाणार नाही. वीस वर्षे व्यापारी दराने कर भरल्याच्या पावत्यांची फाइल घेऊन आलेल्या माणसाला हे सांगताना मला खरेच वाईट वाटते. त्याने प्रामाणिकपणे पैसे भरलेले असतात, फक्त चुकीच्या खिडकीवर.

मग बरोबर खिडकी कोणती? कोणत्याही जागेबद्दल मी तीन गोष्टी बघतो: त्या जमिनीचा झोन (शहराच्या विकास योजनेत ठरवलेला वापराचा विभाग), समोरच्या रस्त्याची रुंदी आणि त्या इमारतीचा मंजूर नकाशा. तिन्ही एकमेकांशी जुळले तरच वापर कायदेशीर. एक जरी फिसकटला तर बाकीचे दोन उपयोगाचे नाहीत.

झोनसाठी महापालिकेत झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला आपल्या जागेपुरता भाग) मागा. अर्जासोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका लागते, शक्यतो मोजणीची क प्रत (मोजणी नकाशा) जोडा. मोजणी नकाशा नसला की कारकून गट नंबरवरून ढोबळ दाखला देतो, आणि एकाच गटाचा अर्धा भाग रहिवास आणि अर्धा शेती विभागात असला तर तुमचा तुकडा कुठल्या अर्ध्यात आहे हे त्यातून कळत नाही. भाग नकाशा हातात आला की घाईने रंग बघू नका. पिवळा म्हणजे रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती, एवढे सगळ्यांना माहीत असते. मी आधी आपल्या हद्दीवरून कोणती रेघ जाते ते बघतो. प्रस्तावित रस्ता, रस्तारुंदीची रेषा, नाल्याची किंवा पूररेषेची खूण, शाळा-मैदान-भाजी मंडईचे आरक्षण. झोन पिवळा असूनही कोपऱ्यातून जाणारी डीपी (विकास योजनेतल्या) रस्त्याची रेघ अर्धा प्लॉट खाऊन जाते आणि विकणारा त्याबद्दल गप्प राहतो.

आरक्षण असले म्हणजे सगळे संपले असेही नाही. अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालकाला नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना (जमीन विकत घ्या अशी लेखी नोटीस) देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत (रद्द) होते. पूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती दुप्पट झाली. जुन्या सल्ल्यावर चालणारे अजून एक वर्षच मोजतात. पण ही सूचना देताना मालकीचे सगळे कागद जोडावे लागतात आणि मुदती काटेकोर पाळाव्या लागतात. ते काम वकिलाकडूनच करून घ्या.

आता रस्ता. तुमच्या प्रकरणाचा निकाल इथेच लागतो, म्हणून सावकाश वाचा. २ डिसेंबर २०२० पासून मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा असे अपवाद सोडून राज्यभर एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आमच्या धंद्यात तिला यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबईची स्वतःची वेगळी नियमावली आहे, डीसीपीआर २०३४. मुंबईतल्या नातेवाइकाचा अनुभव म्हणूनच तुमच्या शहराला लावू नका. यूडीसीपीआरमध्ये रहिवास विभागाचे दोन प्रकार आहेत. आर-१ म्हणजे मुख्यतः राहण्यासाठी, सोबत रोजच्या गरजेचे थोडे वापर. आर-२ म्हणजे राहणे आणि व्यापार यांचा मिश्र वापर. गंमत म्हणजे विकास योजनेच्या नकाशावर हे दोन्ही पिवळेच दिसतात. त्यांच्यातला फरक प्लॉटसमोरचा रस्ता ठरवतो. महापालिका क्षेत्रात दाट वस्तीच्या भागात ९ मीटर आणि त्याबाहेर १२ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्याला लागून असलेला प्लॉट आर-२ मध्ये धरला जातो, त्याखालचा आर-१ मध्ये.

तुमचा लेआउट दाट वस्तीबाहेरचा आहे आणि रस्ता ९ मीटरचा. म्हणजे तुम्ही आर-१. तुम्ही म्हणता, चौकातल्या बंगल्यात आइस्क्रीम पार्लर आहे, वर कोचिंग क्लास आहे, मग आम्हालाच का? त्या चौकातून जाणारा रस्ता विकास योजनेत १८ मीटरचा असेल तर तो प्लॉट आर-२ मध्ये येतो. तुमच्यापासून पन्नास पावलांवर असला तरी त्याचे नियम वेगळे. आणि तो आर-१ मध्ये असूनही चालत असेल, तर त्याच्यावर कारवाई झाली नाही हा तुमचा बचाव होऊ शकत नाही. ‘त्याला सोडले मग मलाही सोडा’ हे न्यायालयात टिकत नाही. उगाच शेजाऱ्याविरुद्ध उलट तक्रार करून गल्लीत वैर वाढते आणि तुमची नोटीस जिथल्या तिथे राहते.

रस्त्याची रुंदी टेपने मोजून ठरवू नका. दोन्ही बाजूंच्या कंपाउंड वॉलमधले अंतर साडेसात मीटर भरते म्हणून रस्ता साडेसात मीटरचा होत नाही, आणि लोकांनी भिंती मागे बांधल्या म्हणून दहा मीटर भरले तरी रस्ता दहाचा होत नाही. मंजूर लेआउटमध्ये, विकास योजनेत किंवा महापालिकेने ठरवलेल्या रस्तारेषेत जी रुंदी आहे ती धरतात. उलटही घडते: लेआउटमध्ये ९ मीटर असलेला रस्ता नव्या विकास योजनेत १२ मीटर प्रस्तावित झालेला असतो, आणि प्रस्तावित रुंदीही विचारात घेतली जाते. तसे असेल तर रुंदीकरणाची पट्टी सोडून तुमचा प्लॉट आर-२ मध्ये येऊ शकतो. म्हणून भाग नकाशा मागताना अर्जातच लिहा, ‘समोरील रस्त्याची अस्तित्वातील व प्रस्तावित रुंदी नमूद करावी’. या एका ओळीने पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतात.

आर-१ मध्ये वहिनींना काय करता येईल? बरेच काही. घरातल्या माणसांनी बाहेरचा पगारी मजूर न ठेवता करायचे पारंपरिक घरगुती व्यवसाय नियमावलीत स्पष्टपणे चालतात. शिवणकाम, भरतकाम हे त्यातलेच. डॉक्टरचा दवाखाना, वकील किंवा सीएचे राहत्या घरातले कार्यालय, तळमजल्यावरची रोजच्या गरजेची छोटी दुकाने यांनाही आर-१ मध्ये मर्यादित जागा आहे. घराच्या स्वयंपाकघरात, घरच्याच माणसांच्या हाताने केक करून ऑर्डरप्रमाणे देणे याला घरगुती व्यवसाय म्हणून बाजू मांडता येते, आणि मी ती ठामपणे मांडेन. ही मर्यादा कुठे सुटते तेही सांगतो. दोन मुली पगारावर ठेवल्या, व्यापारी भट्टी बसवली, दिवसभर डिलिव्हरीच्या दुचाक्या फाटकासमोर उभ्या राहू लागल्या, बाहेर चमकता फलक लागला, की ते घरगुती राहत नाही. विजेचा मंजूर भार वाढवायचा अर्ज करण्याआधी हा विचार करा. तो अर्ज म्हणजे व्यवसाय घरगुती राहिला नाही याचा तुमच्याच सहीचा पुरावा ठरू शकतो.

शेजाऱ्यांकडे बघण्याची तुमची नजरही थोडी बदलायला हवी असे मला वाटते. त्यांनी वैरापोटी तक्रार केली असे तुम्ही गृहीत धरले आहे. ९ मीटरच्या रस्त्यावर संध्याकाळी आठ-दहा मोटारी लागल्या तर रुग्णवाहिका किंवा अग्निशमनचा बंब आत कसा येणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. रुंद रस्त्यावरच व्यापार, हा नियम त्याच काळजीतून आला आहे. वापर घराचा उपाहारगृह झाला की पार्किंगची गरज बदलते, आगीचा धोका बदलतो, मैलापाण्याचा भार बदलतो. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागून १४ जणांचे जीव गेले. तेव्हापासून गच्ची आणि मोकळ्या जागांच्या वापराकडे सगळ्याच शहरांत कडक नजरेने बघतात, आणि ते योग्यच आहे. इमारतीभोवती सोडलेले सामासिक अंतर, ज्याला आपण मार्जिन म्हणतो, ते बंबाला आणि माणसांना बाहेर पडायला आहे. तिथे टेबले, तंदूर, पत्र्याची शेड असे काहीही टाकू नका, अगदी परवानगीच्या जागेतही.

कॅफे करायचाच असेल तर माझा सल्ला असा: रुंद रस्त्यावरचा गाळा भाड्याने बघा. गाळा बघतानाही भाड्याच्या आधी मालकाकडे भोगवटा प्रमाणपत्र आणि त्यासोबतचा मंजूर नकाशा मागा. त्या नकाशावर तुमच्या गाळ्यात काय लिहिले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ‘दुकान’ असे असेल तर ठीक. पुष्कळ इमारतींत आज दुकान दिसते तिथे मंजूर नकाशात ‘पार्किंग’ लिहिलेले असते. बिल्डरने नंतर शटर लावून विकलेले. असा गाळा तुम्ही कितीही सुंदर सजवा, कारवाई आली की सगळ्यात आधी तोच पडतो आणि सजावटीचा खर्च मालकाकडून मिळत नाही. भाडेकरारात एक कलम घाला: जागेचा मंजूर वापर वाणिज्य आहे अशी मालकाची हमी, आणि ती खोटी ठरल्यास अनामत रक्कम व सजावटीचा खर्च परत. चांगला मालक त्यावर सही करतो. जो करत नाही, त्याचा गाळा सोडा. आणि उपाहारगृहाला महापालिकेचा व्यवसाय परवाना व अग्निशमन दलाचा दाखला लागेल, त्यांचेही अर्ज आधीच भरा.

खोलीबद्दल. तुमच्या पत्रात ‘एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधता येते तो निर्देशांक) शिल्लक आहे’ असे लिहिले आहे. असेल. यूडीसीपीआरमध्ये दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक १.१ आहे, वर अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणारा आहे, शिवाय रहिवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत सहायक निर्देशांक. कागदावर भरपूर क्षेत्र निघते. पण एफएसआय किती बांधायचे ते सांगतो, कुठे बांधायचे ते मार्जिन सांगते. मागचे अंतर सोडावेच लागणार असेल तर शिल्लक एफएसआय तिथे वापरता येत नाही. तो वरच्या मजल्यावर जातो. म्हणून मागच्या खोलीऐवजी गच्चीवर एक खोली हा पर्याय आर्किटेक्टला विचारा. त्याआधी पाया आणि कॉलम तो भार घेतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. जुन्या बंगल्यात ही तपासणी टाळणे मला अजिबात पटत नाही.

परवानगीशिवाय काय चालते? रंग, प्लास्टर, फरशी बदलणे, गळकी गच्ची दुरुस्त करणे, आतली अशी कामे ज्यांनी बाहेरचे स्वरूप आणि क्षेत्र बदलत नाही. बाल्कनी बंद करणे, जिन्याखाली खोली काढणे, मार्जिनवर कायमचा पत्रा टाकणे यांना परवानगी लागते, आणि बहुतेकदा ती मिळत नाही.

लहान प्लॉटवाल्यांसाठी नियम सोपे झाले हे तुम्ही ऐकलेले खरे आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पोच पुरते आणि १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी देण्याची पद्धत यूडीसीपीआरने आणली. तुमचा प्लॉट दुसऱ्या गटात बसतो. पण या सोयीत जबाबदारी तुमच्या आर्किटेक्टच्या सहीवर आली आहे. नकाशा नियमात नसेल तर ती पोच तुम्हाला वाचवत नाही. तसेच ‘साठ दिवसांत उत्तर आले नाही की परवानगी मिळाली असे समजायचे’ हा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला आहे. नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये अशी मानीव परवानगी आहे खरी, मात्र ती प्रस्ताव नियमावलीशी तंतोतंत जुळत असेल तरच. मार्जिन तोडणाऱ्या खोलीला साठ दिवसच काय, सहा वर्षांनीही मानीव परवानगी मिळत नाही.

आता त्या ११ गुंठ्यांकडे येतो. हे प्रकरण सगळ्यात महाग पडू शकते. अकराच गुंठे का विकतात, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही याचे मला आश्चर्य वाटले. तुकडेबंदी कायद्याखाली बागायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आहे. त्याहून एक गुंठा जास्त ठेवला की खरेदीखत नोंदवता येते आणि सातबाराला नाव लागते. विकणाऱ्याचे काम तिथे संपते. तुमचे तिथून सुरू होते. शेती विभागात फार्महाउस बांधायला यूडीसीपीआरप्रमाणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास ४० गुंठे जमीन लागते. ११ गुंठ्यांवर फार्महाउसची परवानगी मिळणारच नाही. जाहिरातीतले ते कौलारू घर परवानगीशिवायच उभे राहणार. तुकडेबंदीचे नियम शासनाने सैल केले आहेत हे खरे, पण तो जमिनीच्या हस्तांतरणाचा प्रश्न आहे. झोन त्याने बदलत नाही. शिवाय तुम्ही किंवा वहिनी शेतकरी खातेदार नसाल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन विकतच घेता येत नाही.

एजंट म्हणेल, गावठाणापासून जवळ आहे, एनए (अकृषिक) मानीवच आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला अकृषिक मानण्याची सोय महसूल कायद्यात आली ती नियोजनाच्या नियमांना धरून. २०० मीटर गावठाणाच्या नोंदवलेल्या हद्दीपासून मोजतात, गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. एनए म्हणजे महसुलाच्या दृष्टीने जमीन शेतीची राहिली नाही. तिथे काय आणि किती बांधायचे ते झोन आणि बांधकाम परवानगीच ठरवते. ‘कलेक्टर एनए’ हे दोन शब्द ऐकून लोक निश्चिंत होतात, तेव्हाच एनएचा आदेश मागून त्यातला प्रयोजनाचा रकाना आणि सोबतचा रेखांकनाचा नकाशा वाचायला हवा.

आणि जमीन नदीजवळ आहे. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा यात घर बांधता येत नाही. बाग, मैदान, मोकळे वाहनतळ असे वापर चालतात. निळी आणि लाल यांच्यामध्ये निर्बंध पाळून, जोते पुराच्या पातळीच्या वर घेऊन बांधकाम होऊ शकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षी ज्या घरांत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेले, त्यातल्या लोकांच्या तोंडी एकच होते: घेताना कोणी सांगितले नाही. पाटबंधारे विभागाकडे पूररेषेचे नकाशे असतात. गट नंबर टाकून लेखी विचारा. तोंडी उत्तरावर पैसे देऊ नका.

‘नव्या आराखड्यात तो पट्टा रहिवासात येणार आहे’ असेही तुम्हाला सांगितले आहे. प्रारूप आराखड्याच्या भरवशावर जमीन घेणे म्हणजे जुगार आहे. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. मधल्या काळात नकाशावरचा पिवळा रंग बघून जमिनी घेणारे पुण्याभोवती कमी नव्हते. आराखडा शासनाची अंतिम मंजुरी घेऊन राजपत्रात येईपर्यंत झोन बदललेला नसतो. तुमच्या शहराची योजना सुधारित होत असेल तर प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत किंवा सूचना देता येते; ती जरूर द्या. तुमच्या समोरचा रस्ता १२ मीटर करावा अशी गल्लीतल्या सगळ्यांची एकमताची सूचना असेल तर तिला वजन येते. मात्र सगळ्यांची दीड-दीड मीटर जागा जाणार हे आधी शेजाऱ्यांशी बसून बोला.

शेवटी नोटीस. घाबरून गप्प बसू नका आणि तिला केराची टोपलीही दाखवू नका. परवानगीशिवाय विकास किंवा वापरबदल यासाठी नगररचना कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, वापर चालू राहिला तर रोजचा दंड वेगळा. कलम ५३ खाली वापर बंद करायला लावता येतो. कोणी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणायचा सल्ला देईल. नगररचना कायद्याखालच्या आदेशांना कलम १४९ मुळे दिवाणी न्यायालयात सहजी आव्हान देता येत नाही, त्यामुळे त्या वाटेने पैसे आणि वेळ जाईल.

मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि आवक शिक्का घेऊन पोच ठेवा. उत्तरात तीन गोष्टी असू द्या. गिऱ्हाईक बसवण्याचा वापर अमुक तारखेपासून बंद केला आहे. सोबत रिकाम्या हॉलचे तारखेसह फोटो जोडा. घरातील व्यक्तींकडून पगारी कामगाराशिवाय चालणारा केकचा घरगुती व्यवसाय आर-१ मध्ये अनुज्ञेय असल्याचे आमचे म्हणणे आहे, त्यावर सुनावणी द्यावी. आणि समोरच्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी कळवावी, म्हणजे पात्र असल्यास वापरबदलाचा प्रस्ताव आर्किटेक्टमार्फत दाखल करता येईल. तक्रारीची प्रत, स्थळपाहणीचा अहवाल आणि तुमच्या बंगल्याचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागवा. मंजूर नकाशा घरात सापडत नसेल तर तोच मार्ग आहे. ३० दिवसांत माहिती यायला हवी, पण नोटिशीचे उत्तर तोवर थांबवू नका.

प्रस्ताव दाखल करून नामंजूर झाला किंवा अवघड अटी घातल्या, तर कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. हे ४० दिवस आदेश तुमच्या हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा.